दुनळीवरचं कोरीवकाम: किती आहे ते नंतर, आधी कसं कापलंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या कोरीव दुनळ्या जमवायला सुरुवात करायची आहे आणि समोर दोन बंदुका आहेत. पहिली बेल्जियममधल्या लिएजची बॉक्सलॉक (बार उडवणारी यंत्रणा म्हणजे लॉक, ते हिच्यात मधल्या पेटीत असतं), बाजूला नुसत्या शोभेच्या पट्ट्या जोडलेली. अंगभर नक्षी, सोन्याचे पक्षी, धातू चांदीसारखा लखलखीत, आणि विकणारा म्हणतो की सगळं मूळचं आहे. दुसरी बर्मिंगहॅमची साइडलॉक (लॉक बाजूच्या पट्टीवर), डमास्कस म्हणजे पीळ दिलेल्या पट्ट्यांपासून घडवलेल्या नळ्यांची. तिच्यावर बारीक वेलबुट्टी आहे, रंग बऱ्यापैकी उडालेत, फोटोत तर ती मळकटच दिसते. पहिलीवर तिप्पट काम आहे, मग तीच घ्यावी ना?

फोटोंवरून जेवढं सांगता येतं त्यावर माझं मत दुसरीकडे झुकतं. पण ते 'बर्मिंगहॅम' या नावामुळे नाही. लिएजमध्ये अप्रतिम कोरीवकाम झालंय आणि बर्मिंगहॅममधून घाऊक भावाची रद्दीही भरपूर बाहेर पडली आहे. कारण वेगळं आहे. पहिल्या बंदुकीच्या नक्षीवर नंतर कोणाचा तरी हात फिरलेला दिसतो. दुसरीवर तसा हात फिरलेला वाटत नाही. जुन्या कोरीव बंदुकीत मी सगळ्यात आधी तेवढंच शोधतो.

त्यासाठी हे काम कोणत्या क्रमाने व्हायचं ते माहीत हवं. बंदूक आधी पूर्ण जुळवली जायची: नळ्या, अ‍ॅक्शन (नळ्या जिच्यावर बसतात ती मधली धातूची चौकट), लॉक, लाकूड, सगळं. धातू तेव्हा मऊ असतो. त्या अवस्थेत कोरक्या तो हातात घ्यायचा आणि स्क्रू घट्ट बसवलेले असतानाच त्यांच्या डोक्यांवरूनही वेल काढायचा. कोरून झाल्यावर सुटे भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात बंद पेटीत तापवून पाण्यात टाकले जायचे. त्याने पृष्ठभाग काचेसारखा कडक होतो आणि त्यावर निळे, तपकिरी, राखाडी ढग उमटतात. हे रंग फार पातळ असतात. हाताच्या घामाने, उन्हाने, म्यानाच्या घर्षणाने ते उडतात, आणि उडले म्हणून बंदूक खराब झाली असं अजिबात नाही. उलट ट्रिगर गार्डच्या कडेला, टॉप लिव्हरच्या (बंदूक उघडायच्या वरच्या दांडीच्या) खाली, फोरएन्डच्या (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडाच्या) लोखंडाच्या खाचेत थोडा निळा-तपकिरी रंग शिल्लक असला की मला हायसं वाटतं. याचा अर्थ हा धातू कोणी पट्ट्यावर धरून घासलेला नाही.

आता तुमच्या पहिल्या बंदुकीचा लखलखाट. बेल्जियन आणि इटालियन बंदुका कित्येकदा मुळातच राखाडी-चंदेरी फिनिशच्या असतात, त्यामुळे रंग नाही एवढ्यावरून दोष लावता येत नाही. बघायच्या असतात त्या कडा. दहा पटीचं भिंग घ्या आणि दिवा समोरून न धरता अगदी बाजूने, जवळजवळ धातूला समांतर धरा. हाताने कापलेली रेघ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खोल जाते. तिच्या दोन्ही काठांना धार असते आणि तळ एका बाजूने चमकतो. बफ मारलेल्या, म्हणजे घासून चकाकवलेल्या, बंदुकीत ते काठ गोलावतात, बारीक छायारेषा आधी पुसट होतात आणि मग गायब होतात. पानांच्या बाह्यरेषा तेवढ्या उरतात आणि आतलं भरणकाम कुठे दिसतं, कुठे नाही. तुमच्या फोटोत डाव्या बाजूच्या कुत्र्याच्या पाठीवर केसांच्या रेघा आहेत आणि पोटाकडे नाहीत. कोरक्याने अर्धाच कुत्रा केसाळ केला असेल असं मला वाटत नाही.

त्यात सोन्याचे पक्षी. सोनं बसवताना पोलादात खाच कापून तिच्या बाजू आतून रुंद करतात आणि सोनं ठोकून त्या खाचेत धरवतात. मूळ आराखड्यातच पक्षी असेल तर वेल त्याच्याभोवती वळतो, त्याला जागा देतो. नंतर कोणी पक्षी घातला तर तो वेलाच्या डोक्यावर बसतो: फांदी पंखाखाली घुसते आणि पलीकडे तशीच पुढे निघते. तुमच्या तिसऱ्या फोटोत नेमकं हे दिसतंय. मूळची साधी बंदूक, तिला नंतर केव्हा तरी सोन्याने सजवलेली. तशी सजवलेली बंदूक विकत घ्यायलाही हरकत नाही, फक्त ती मूळची म्हणून घेऊ नका.

झिजलेली नक्षी पुन्हा कापून 'ताजी' करण्याचाही प्रकार चालतो. ते ओळखणं त्यापेक्षा अवघड, पण अशक्य नाही. कडक झालेला पृष्ठभाग साध्या कोरणीला दाद देत नाही, म्हणून भाग आधी तापवून मऊ करावा लागतो, मग कापून पुन्हा कडक करावा लागतो. यात भाग किंचित वाकतो आणि लॉकची जुळणी बिघडते. लाकूड आणि धातू यांच्या मधली फट एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला रुंद दिसली तर तिथे थांबायचं. दुसरी खूण गंजाच्या खड्ड्यांची. पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत आणि रेघ त्यांच्यातून स्वच्छ, चकचकीत धावते, म्हणजे ती रेघ गंजानंतरची आहे. तिसरी खूण म्हणजे टॉप लिव्हरच्या खालच्या झाकलेल्या भागाशी उघड्या भागाची तुलना. तिथली नक्षी बोटांनी झिजत नाही. झाकलेल्या भागातला हात हलका आणि उघड्या भागातला जड असेल, तर दोन वेगळ्या माणसांनी काम केलंय.

स्क्रूंबद्दलही सांगतो, कारण विकणारे लोक त्यांचा फोटो कधी देत नाहीत. चांगल्या बंदुकीत सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत असतात आणि डोक्यावरची नक्षी भोवतालच्या नक्षीशी तंतोतंत जुळते. खाच तिरकी असेल, तिचे काठ चुरडलेले असतील किंवा डोक्यावरचं फूल अर्ध्या पाकळीने सरकलेलं असेल, तर बाजारातल्या कुठल्याही पेचकसाने कोणीतरी ती उघडलेली आहे. बाहेर असा हात चालवणारा आत काय करून गेला असेल, याचा विचार करा.

आता 'चांगलं' म्हणजे काय. जागा किती भरली आहे ते मोजू नका. एखाद्या वेलाच्या वाटोळ्यावर नजर ठेवा आणि देठापासून टोकापर्यंत जा. वळण हळूहळू घट्ट होत गेलं पाहिजे. मध्ये सपाट तुकडा किंवा कोपरा दिसला की हात कच्चा समजायचा. प्रत्येक फाटा मूळ देठातूनच फुटलेला हवा, हवेतून उगवलेला नको. मग पानांच्या आतल्या छायारेषा: एकमेकींना समांतर, सारख्या अंतरावर, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या. याच्यात नवशिक्या आणि उस्ताद लगेच वेगळे पडतात. प्राणी-पक्षी तर त्याहून कठीण. कुत्र्याचा पुढचा पाय खांद्यात कसा शिरतो, उडत्या तितराची मान कुठे वळते, हे त्या प्राण्याला हाताळलेल्या माणसालाच येतं. माणसासारखे डोळे आणि घोड्यासारखे दात असलेले कुत्रे मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

स्वस्त मालावर खरं कोरीवकाम नसायचंच. नक्षीचा साचा दाबून किंवा आम्लाने खाऊन ती उठवलेली असायची. आम्लाच्या रेघेचा तळ सपाट आणि खरखरीत असतो, काठ मऊ असतात. साच्याची नक्षी ओळखायला त्याच मॉडेलच्या दोन बंदुका शेजारी ठेवल्या की पुरे. तेच हरीण, तीच उडी, केसभर फरक नाही.

शैलींची तोंडओळख हवी, कारण तिने बंदूक कुठली ते निम्मं कळतं. लंडनच्या उत्तम कामात बारीक, दाट वाटोळी आणि मधूनमधून गुलाबांचे गुच्छ. पर्डी आणि बॉस या दोन बंदूककारांच्या नावांशी ही पद्धत घट्ट जोडलेली आहे. हॉलंड अँड हॉलंड कंपनीच्या 'रॉयल' मॉडेलवर त्यापेक्षा मोठी, धीट पानं दिसतात आणि ती लांबूनही ओळखू येतात. ऑस्ट्रियातलं फर्लाख आणि जर्मनीतलं झूल इथे ओकची पानं आणि त्यांच्यात खोल उठावाची हरणं, रानडुकरं. हे काम कोरणीपेक्षा छिन्नी-हातोडीचं. इटलीतल्या गार्दोने व्हाल ट्रॉम्पियाची ओळख 'बुलिनो': हाताने ढकलत मारलेले हजारो सूक्ष्म ठिपके आणि रेषा, ज्यातून छायाचित्रासारखं दृश्य उभं राहतं. तिथल्या फिर्मो फ्राकास्सी या कोरक्याचं काम भिंगाखाली पाहिलंत तर पक्ष्याच्या पिसाचा दांडाही वेगळा दिसतो. पण बुलिनो अतिशय उथळ असतं. ते कापडाने पुसतानाही मी जपतो.

लिएजजवळच्या हर्स्टालला एफएन या बंदूक-कंपनीच्या कारखान्यात फेलिक्स फुंकेनने १९२६ पासून कोरीवकामाचा विभाग उभारला. ब्राउनिंगच्या एकावर एक नळ्यांच्या बंदुकांवरचं पुढचं बरंचसं काम त्या परंपरेतलं. ही बंदूक शेजारी-शेजारी नळ्यांची नसली तरी लिएजचे कोरके काय दर्जाचे होते हे बघायला तीच बघावी. इंग्लंडात हॅरी केल आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला केन हंट ही दोन नावं लक्षात ठेवा. जुने इंग्रज कोरके सहसा सही करत नसत, त्यामुळे 'अमक्याने कोरलेली' हा दावा कागदाशिवाय मानू नका.

अमेरिकन बंदुकांचा हिशेब वेगळा आणि नवीन संग्राहकाला खरं तर सोपा, कारण तिथे कोरीवकाम दर्जांनुसार ठरलेलं होतं. कनेक्टिकटमधल्या मेरिडनच्या पार्कर ब्रदर्सकडे ट्रोजन हा दर्जा जवळजवळ बिननक्षीचा, व्ही दर्जावर नाममात्र काम, मग जी, डी, सी, बी, ए असं चढत जाऊन ए-१ स्पेशल आणि अगदी माथ्यावर 'इन्व्हिन्सिबल'. 'डीएचई' असं लिहिलं असेल तर डी हा दर्जा, एच म्हणजे बाहेरचा घोडा नसलेली आणि ई म्हणजे इजेक्टर, रिकामं काडतूस बाहेर फेकणारा. दर्जाचा आकडा अ‍ॅक्शनच्या सपाट भागावर छापलेला असतो, डीसाठी ३. साध्या पार्करवर नंतर कोरून तिला वरच्या दर्जाची करण्याचे उद्योग पुष्कळ झालेत, म्हणून नळ्या उतरवून आकडा आणि नक्षी एकमेकांशी जुळतात का हे बघितल्याशिवाय बोलणीच करू नका. १९३४ मध्ये रेमिंग्टनने ही कंपनी घेतली.

नावांच्या बाबतीत सावध. बंदुकीवर ज्याचं नाव कोरलंय त्यानेच ती बनवली असं नाही. इंग्लंडातल्या छोट्या शहरांतले कित्येक दुकानदार बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून बंदूक घडवून घेऊन तिच्यावर आपलं नाव टाकत. अशा निनावी कारागिरांच्या बंदुकांत मोठ्या नावांच्या तोडीचं काम सापडतं. नवशिक्या संग्राहकाने तिथेच शोधावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. उलट बाजूही आहे: अमेरिकेच्या बाजारासाठी बेल्जियममधून 'डब्ल्यू. रिचर्ड्स' अशी नावं टाकून माल जायचा, म्हणजे घाईत वाचणाऱ्याला वेस्टली रिचर्ड्स हे नामवंत इंग्रज घर वाटावं. नळीखाली अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही रोमन अक्षरं दिसली की ती लिएजच्या प्रूफ हाउसमधून (नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेतून) गेलेली आहे, वर कोणतंही नाव असो.

लॉकचा प्रकार कोरीवकामाशी थेट जोडलेला आहे. वेस्टली रिचर्ड्सच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये बॉक्सलॉकचं पेटंट घेतलं. भाग थोडे, मजबूत, स्वस्त. पण कोरायला जागा कमी. साइडलॉकमध्ये बाजूची मोठी पट्टी मिळते, म्हणून उंची काम तिथे दिसतं. त्या मोहाने बॉक्सलॉकला खोट्या पट्ट्या लावायची रीत निघाली. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतले भाग धरणाऱ्या पिनांची डोकी बहुधा दिसतात, नुसत्या शोभेच्या पट्टीवर ती नसतात. मात्र काही उंची इटालियन साइडलॉकमध्ये पिना मुद्दाम लपवलेल्या असतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. खोटी पट्टी हा दोष नाही, तुमच्या पहिल्या बंदुकीचा दोष तो नाहीच.

आता दुसरीच्या डमास्कस नळ्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेल्या. पृष्ठभाग गंजवून तपकिरी केला की दोन धातू वेगळे रंग घेतात आणि ती नागमोडी नक्षी वर येते. ही नक्षी कोरलेली नाही, ती नळीच्या अंगातच आहे. घरी आल्यावर करायची एक चाचणी: फोरएन्ड काढा, नळ्या उतरवा, खालच्या गाठीत बोट अडकवून त्या मोकळ्या टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. पितळी घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्या जोडणारी मधली पट्टी पक्की आहे. भद्द आवाज आला तर कुठेतरी डाख सुटलाय आणि आत ओल जाऊन गंज धरलेला असणार. मग नळीतून उजेडाकडे बघा. खिडकीच्या चौकटीची सावली आत वर्तुळं करत जाते. ते वर्तुळ जिथे मोडतं तिथे पोचा आहे.

'वापरता येईल का?' असं तुम्ही शेवटी विचारलंत. हा भाग सौंदर्याचा नाही आणि इथे मी कडक आहे. हातात घेतल्याबरोबर उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं त्या जागा) रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघायचं, दर वेळी, कोणाच्याही शब्दावर विसंबून नाही. मग नळ्यांच्या सपाट भागावरचे शिक्के. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने आलेलं. धूरविरहित दारूसाठीचा 'नायट्रो' शिक्का त्यानंतर कितीतरी काळाने, १८९६ पासूनचा. तो नसेल तर ती नळी काळ्या दारूसाठी तपासलेली आहे आणि आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. शिक्का असला तरी पुढचे प्रश्न आहेतच. जुन्या इंग्रजी बारा बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) चेंबर बहुधा अडीच इंची, ज्याला ढोबळपणे ६५ मिलिमीटरचं म्हणतात. आजची पुष्कळ काडतुसं ७० ची. ती आत बसतात आणि हीच फसगत आहे: उडाल्यावर काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

शिवाय नळी आतून घासून खड्डे काढलेले असू शकतात. इंग्रजी प्रूफमध्ये बोअर मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजतात. जुन्या शिक्क्यातला '१२' हा आकडा ०.७२९ इंच व्यासासाठी. आज तिथे ०.७४० भरत असेल तर प्रूफनंतर धातू निघून गेलाय. भिंतीची जाडी एका अनुभवी बंदूक-कारागिराकडून पूर्ण लांबीभर मोजून घ्या. वीस हजारांश इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, याच्या खाली कुठेही गेली असेल तर ती बंदूक बघायची, उडवायची नाही. परवाना, मालकी आणि 'पुराणवस्तू' कशाला म्हणायचं याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. ते व्यवहाराआधी स्वतः वाचा, विकणाऱ्याकडून ऐकू नका.

लाकडाकडेही एक नजर टाका. लॉकच्या मागे आणि मुठीच्या बारीक भागात केसासारखी तडा, तेल मुरून काळं मऊ झालेलं अक्रोड, घासून सपाट झालेली चेकरिंग (पकडीसाठी लाकडात कापलेली चौकडी). मूळ लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असतं. धातू वर आणि लाकूड खाली असेल तर दस्ता सँडपेपरने तासलेला आहे. आत मुरणारं तेल टाळायला मी बंदुका नळीचं तोंड खाली करून ठेवतो. नक्षीवर पितळेचं पॉलिश किंवा स्टील वूल कधीही नाही. मऊ ब्रशने धूळ, मग तेलाचा अगदी पातळ हात, बस.

दुसरीच्या मालकाकडे तीन गोष्टी मागा. नळ्या उतरवून दोन्ही सपाट भागांचे सरळ फोटो. लॉकच्या पट्ट्यांचे बाजूच्या उजेडातले फोटो, स्क्रूंच्या खाचांसकट. आणि अनुक्रमांक. बंदुकीवरचं नाव एखाद्या मोठ्या घराचं निघालं तर पर्डी, हॉलंड, बॉस, वेस्टली रिचर्ड्स अशा घरांच्या जुन्या वह्यांत ती कोणासाठी, कोणत्या वर्षी, किती लांबीच्या नळ्यांची केली हे नोंदलेलं असतं आणि तसं पत्र मिळू शकतं. वहीत तीस इंच आणि हातात अठ्ठावीस असतील तर नळ्या कापल्या आहेत. पहिलीच्या मालकाला फक्त एवढंच विचारा की टॉप लिव्हर बाजूला सरकवून खालच्या जागेचा एक जवळून फोटो काढून पाठवाल का. तिथली नक्षी खणखणीत आणि बाकीची गुळगुळीत असेल, तर 'सगळं मूळचं' या वाक्याचं उत्तर तुम्हाला माझ्याशिवाय मिळालेलं असेल.